गवत कापणारे यंत्र आणि ते चालवणारा माणूस

रेल्वे कामगारांच्या संघटनेने शेतातल्या यंत्राविषयी का लिहावे, असा प्रश्न काही वाचक बंधूंना पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. ट्रॅकमन, खलाशी, पॉइंट्समन, फिटर अशा आपल्या सभासदांपैकी फार मोठा वर्ग खेड्यातून आलेला आहे. नोकरी भुसावळला असो, इटारसीला असो, सुरतेला असो की सिकंदराबादला, गावाकडे दोन-चार एकर जमीन असते, भाऊ ती कसत असतो आणि निवृत्तीनंतर बरेच जण तिकडेच परततात. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हाती आली की मुलासाठी ट्रॅक्टर किंवा ट्रॅक्टरमागे लावायचे एखादे अवजार घ्यावे, ते गावात भाड्याने चालवावे आणि पेन्शनला थोडा हातभार लावावा, असा विचार घरोघर होतो.

गेल्या काही वर्षांत या विचारात एका यंत्राची भर पडली आहे. दुकानदार त्याला कुठे मल्चर म्हणतात, कुठे श्रेडर म्हणतात. कंपनीच्या माहितीपत्रकात फ्लेल मोअर असे नाव असते. शेतातले गवत, तण, कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचे पाचट, भाताचे धसकट यांचा जागच्या जागी चुरा करणारे हे यंत्र आहे. सभासद आमच्याकडे पगाराचे, बदलीचे, पेन्शनचे प्रश्न घेऊन येतात, तसे अलीकडे हाही प्रश्न घेऊन येतात : "साहेब, घ्यावे का?" त्याचे उत्तर एकेकट्याला देण्यापेक्षा सर्वांसमोर मांडावे, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. यंत्र उपयोगी आहे. परंतु ते निवडताना ज्याला ते रोज चालवायचे आहे त्याला विचारले पाहिजे, आणि त्याच्या जिवाची काळजी यंत्राच्या किमतीत व भाड्याच्या दरात धरली पाहिजे. आज या दोन्ही गोष्टी होत नाहीत.

यंत्र कसे काम करते

पत्र्याच्या मजबूत झाकणाखाली एक आडवा दांडा असतो, त्याला रोटर म्हणतात. त्यावर ओळीने लहान लहान पाती बिजागरीसारखी लोंबत असतात. रोटर वेगाने फिरू लागला की ही पाती बाहेर ताठ उभी राहतात आणि समोर येईल ते झोडपून, कापून बारीक करतात. मध्ये दगड आला तर पाते बिजागरीवर मागे झुकते आणि बहुतेक वेळा मोडण्यापासून वाचते.

ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे सेकंदाला 9 फेरे. गिअरबॉक्स आणि पट्टे यांच्या साहाय्याने रोटरचा वेग वाढवून तो मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास नेलेला असतो. पात्याच्या टोकाच्या वर्तुळाचा व्यास 40 सेंटिमीटर धरला, तर त्या टोकाचा वेग ताशी सुमारे 150 किलोमीटर होतो. आपल्या बहुतेक मेल-एक्सप्रेस गाड्यांचा सर्वोच्च वेग ताशी 110 ते 130 किलोमीटर असतो, हे रेल्वेवाल्यांना सांगण्याची गरज नाही. धावत्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे हे आपल्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. या पात्यांविषयी मात्र ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला कोणी काही शिकवत नाही.

बाजारात याच कामाचे म्हणून दुसरे एक यंत्र विकले जाते. त्यात गाडीच्या चाकाएवढ्या चकतीला किंवा उभ्या दांड्याला दोन-तीन जाड पाती लावलेली असतात आणि ती जमिनीला समांतर गरगर फिरतात. ते स्वस्त असते, दणकट असते, झुडपे तोडायला बरेही पडते. पण त्याचे झाकण नीट नसेल तर दगड कित्येक मीटर लांब उडतो. फ्लेल पद्धतीच्या यंत्रात माल बहुतांशी झाकणाखालीच राहतो आणि खाली पडतो, त्यामुळे वस्तीजवळ, रस्त्याकडेला, फळबागेत ते अधिक सुरक्षित असते. श्रेडर या एका नावाखाली दोन्ही यंत्रे विकली जातात. तेव्हा नावावर जाऊ नये, खाली वाकून रोटर आडवा आहे की पाती सपाट फिरतात ते पाहावे. अर्थात, यंत्र बंद असताना.

कोणत्या कामाला घ्यावे, कोणत्या कामाला घेऊ नये

सर्वांत मोठा गैरसमज चाऱ्याबाबत आहे. गवत कापून जनावरांसाठी वाळवून ठेवायचे असेल तर हे यंत्र घेऊ नये. ते गवताचे तुकडे करते, त्यात माती मिसळते, आणि असा चुरा गोळा करताना निम्मा शेतातच राहतो. मारवेल, पवना यांसारख्या चांगल्या गवताच्या पेंढ्या बांधायच्या असतील तर कात्रीसारख्या दात्यांचे किंवा ड्रमचे कापणी यंत्र घ्यावे. ते गवत बुडाशी एकदाच कापून आडवे पाडते.

कुरणात या यंत्राचा खरा उपयोग चरून झाल्यानंतर आहे. जनावरे कोवळे गवत खातात आणि जून झालेली ताटे, काटेरी तण सोडून देतात. ही राहिलेली वाढ वरून कापली की खालून नवे फुटवे येतात आणि कुरण एकसारखे होते. मात्र कापणी जमिनीपासून 7 ते 10 सेंटिमीटर वर ठेवावी. फार खाली कापल्यास गवताची मुळे उघडी पडतात, पुन्हा फुटायला वेळ लागतो आणि पाती मातीत घासून झिजतात ती वेगळीच. कुसळी गवत कुसळ धरण्याआधी कापावे. गाजरगवत फुलावर येण्याआधी कापावे. बी धरल्यावर कापल्यास यंत्रच ते बी शेतभर पेरते, आणि झाकणाखाली अडकलेले बी पुढच्या गिऱ्हाइकाच्या शेतात नेऊन टाकते. म्हणून एका शेतातून दुसरीकडे जाण्यापूर्वी यंत्र झाडून साफ करणे हा भाड्याच्या कामाचा भागच समजला पाहिजे.

कापसाच्या पट्ट्यात या यंत्राला वेगळे महत्त्व आले आहे. 2017 साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने केलेले नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत. ही अळी शेतात उरलेल्या बोंडांत दडून राहते. हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून किंवा बारीक करून जमिनीत गाडल्या की तिचा आसरा जातो. उसाच्या खोडव्यात पाचट न जाळता बारीक करून सरीत पसरले तर ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळते. उत्तरेत भाताचे धसकट जाळण्याऐवजी जमिनीत मिसळावे म्हणून केंद्र सरकारने 2018-19 साली पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व दिल्ली यांच्यासाठी खास योजना आणली. तीत मल्चरसारख्या यंत्रांवर एकेकट्या शेतकऱ्याला 50 टक्के आणि सहकारी संस्था, शेतकरी गट यांच्या भाडे केंद्रांना 80 टक्के अनुदान ठेवले गेले. हजारो यंत्रे अशी शेतात आली. त्यांवर बसणारे हजारो ड्रायव्हरही त्याबरोबर आले, पण योजनांच्या कागदपत्रांत गाजावाजा होतो तो यंत्रांच्या संख्येचा.

येथे दुसऱ्या एका वर्गाचीही आठवण ठेवली पाहिजे. विळ्याने गवत कापणाऱ्या, पऱ्हाट्या उपटणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात त्यांना तेवढेच काम असते. शिवाय पऱ्हाट्या हे भूमिहीन घरांचे वर्षाचे जळण असते. यंत्राने एका दिवसात सगळ्याचा भुगा केला तर मजुरीही जाते आणि चूलही अडते. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. काट्याकुट्यांतून हाताने पऱ्हाट्या उपटण्याचे कष्ट कोणाच्या मुलीबाळींच्या वाट्याला कायम राहावेत असे आम्हांस वाटत नाही. परंतु बांधाजवळच्या काही ओळी जळणासाठी सोडणे, कोपऱ्यातले आणि झाडाभोवतालचे काम, जेथे यंत्र पोचत नाही, ते त्याच बायांना योग्य मजुरीने देणे, एवढे तरी गावाने ठरवून करता येईल. जळणासाठी काढलेल्या पऱ्हाट्या मात्र पावसाळ्यापर्यंत शेतात रचून ठेवू नयेत, नाही तर अळीला पुन्हा घर मिळते.

घेताना काय पाहावे

पहिली गोष्ट ट्रॅक्टरची ताकद. पाच फूट रुंदीच्या यंत्राला साधारण 35 ते 45 एचपीचा ट्रॅक्टर लागतो. गवत हलके असेल तर कमी, पऱ्हाट्या असतील तर जास्त. इंजिनाची ताकद आणि पीटीओवर मिळणारी ताकद एक नसते, पीटीओला काही ताकद कमीच पोचते. आमच्या एका शाखेतील निवृत्त कीमनच्या मुलाला एका दुकानदाराने 35 एचपीच्या ट्रॅक्टरसाठी सात फुटी यंत्र गळ्यात मारले. कमी फेऱ्यांत जास्त एकर होतील, असे सांगितले. पहिल्याच हंगामात पट्टे दोनदा जळाले, आणि उभ्या पऱ्हाटीत अडकलेला रोटर मोकळा करताना मुलाची दोन बोटे गेली. बोटे गेली ती यंत्र मोठे होते म्हणून, असे कोणी कागदावर लिहिणार नाही. पण यंत्र ताकदीबाहेरचे असेल तर ते वारंवार अडकते, आणि ते जितक्या वेळा अडकते तितक्या वेळा माणसाचा हात आत जातो.

दुसरी गोष्ट रुंदी. यंत्राची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांच्या बाहेरच्या अंतराएवढी तरी असावी, नाही तर टायरखाली दबलेले गवत तसेच राहते. द्राक्ष, डाळिंब, संत्रा अशा बागेत चालवायचे असेल तर एका बाजूला सरकवता येणारे यंत्र घ्यावे, म्हणजे ट्रॅक्टर फांद्यांपासून दूर राहतो आणि ड्रायव्हरला मान वाकवून बसावे लागत नाही.

तिसरी गोष्ट पाती. इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडपाती गवत व हलक्या तणाला चांगली. हातोड्यासारखी जड पाती पऱ्हाट्या, छाटणीच्या फांद्या यांना लागतात. गवतासाठी हातोडा घेतला तर डिझेल जास्त जळते, फांद्यांसाठी वाय पाती घेतली तर ती वाकतात. पाती व त्यांचे बोल्ट तालुक्याच्या गावी मिळतात का, हे आधी विचारावे. पाते बदलायचे झाल्यास समोरासमोरची दोन्ही बदलावीत. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले असले की रोटर थरथरतो, बेअरिंग तापते आणि शेवटी फुटते. ज्यांनी कधी चाकाचा सपाट झालेला भाग रुळावर ठोके देताना ऐकला आहे, त्यांना ही थरथर ओळखायला वेळ लागू नये.

चौथी गोष्ट मागचा रोलर. कापणीची उंची त्यावर ठरते. रोलर मजबूत, दोन्ही बाजूंना ग्रीस देता येईल असा, आणि त्याची उंची साध्या बोल्टने बदलता येईल असा असावा.

पाचवी गोष्ट गिअरबॉक्समधील एकदिशा क्लच. जड रोटर एकदा फिरू लागला की तो लगेच थांबत नाही. साध्या ट्रॅक्टरात क्लच दाबला तरी रोटरचा जोर उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. बांधाशी, विहिरीशी, कोणी समोर उभे असताना हे धोक्याचे आहे. एकदिशा क्लच असेल तर रोटर आपला फिरत राहतो आणि ट्रॅक्टर जागी थांबतो. दुकानदाराला हा प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर देता आले नाही, तर दुसऱ्या दुकानात जावे.

सहावी आणि आमच्या दृष्टीने पहिली गोष्ट संरक्षणाची. पीटीओ शाफ्टवर प्लास्टिकची पूर्ण नळी हवी आणि ती फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना साखळी हवी. यंत्राच्या पुढच्या बाजूला लोंबत्या साखळ्या किंवा जाड रबरी पट्ट्या हव्यात. मागचे झाकण आणि पट्ट्यांवरचा पत्रा हवा. हे काही भाग जादा म्हणून वेगळ्या पैशाने दिले जातात, काही ठिकाणी 'काढून टाका, गवत अडकते' असा सल्लाही मिळतो. असा सल्ला देणाऱ्याने तो बिलावर लिहून सही करावी, असे त्याला सांगावे. तो करणार नाही.

यंत्राचा चाचणी अहवालही मागावा. मध्य प्रदेशात बुदनी येथे 1955 पासून केंद्र सरकारची शेती यंत्रांची प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. हरियाणात हिसार, आंध्रात गार्लादिन्ने आणि आसामात विश्वनाथ चारिआली येथेही अशा संस्था आहेत. तेथे यंत्रांची चाचणी होते आणि ट्रॅक्टर व यंत्रे चालवण्याचे शिक्षणही मिळते. बुदनी तर इटारसी-भोपाळ मार्गावरच आहे. आपल्या कितीतरी सभासदांची ड्यूटी त्या स्टेशनावरून जाते.

चालवताना पाळायचे नियम

रेल्वेत कीमन रोज आपला बीट पायी चालून पाहतो आणि मगच त्याला समाधान वाटते. शेतातही तेच करावे. यंत्र घालण्यापूर्वी एकाने शेत चालून पाहावे. दगड, कुंपणाची तार, जुने फाळ, ठिबकच्या नळ्या, बोअरवेलचे तोंड, बाभळीचे तुटके खुंट, सगळे काढावे किंवा काठी रोवून खूण करावी. तार किंवा ठिबकची नळी रोटरला गुंडाळली की ती सोडवायला तासभर जातो आणि घाईत अपघात होतो. गवतात मूल झोपलेले असू शकते, शेळी बसलेली असू शकते. मजुरी करणाऱ्या आया मुलांना बांधाच्या सावलीला ठेवतात, हे शहरातल्या यंत्र बनवणाऱ्याला माहीत नसते, आपल्याला माहीत आहे.

यंत्र चालू असताना पन्नास मीटरच्या आत कोणी नसावे. मडगार्डवर कोणाला बसवू नये, मुलांना तर मुळीच नाही. ट्रॅक्टरवरून पडलेला माणूस थेट मागच्या यंत्राखाली जातो.

पीटीओ कमी वेगावर जोडावा आणि मग हळूहळू 540 पर्यंत न्यावा. वळताना, यंत्र उचलताना पीटीओ बंद ठेवावा. उचललेल्या यंत्राची पाती उघडी पडतात आणि तिरका झालेला शाफ्ट तुटू शकतो. उतारावर आडवे चालवू नये, वर-खाली चालवावे. ओले गवत कापू नये. ते झाकणाखाली लगदा होऊन बसते, आणि ओल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टरची चाके कुरण दाबून टाकतात. वाळलेल्या पाचटात बेअरिंग व सायलेन्सरजवळ साचलेला भुसा दर तासाला झाडावा, कारण आग तेथूनच लागते. पाण्याचा कॅन आणि ओले पोते जवळ असावे.

धोतराचा सोगा, लोंबते उपरणे, स्त्रियांच्या साडीचा पदर शाफ्टजवळ नेऊ नये. शाफ्टचा घेर 20 सेंटिमीटर धरला तरी एका सेकंदात 180 सेंटिमीटर कापड त्याला गुंडाळले जाते. ओरडायलाही तेवढा वेळ पुरत नाही. धूळ आणि गाजरगवताचे कण यांपासून नाकातोंडाला साधा मुखपट्टीचा मास्क, डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे असावेत. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, दमा वाढतो. हे गंमत म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

आणि सर्वांत मोठा नियम. गाडीच्या डब्याखाली काम करायला उतरण्यापूर्वी आपला कॅरेज-वॅगनचा माणूस दोन्ही टोकांना लाल झेंडी लावतो, रात्री लाल दिवा लावतो. तो लावल्याशिवाय तो खाली जात नाही आणि कोणी त्याला जा म्हणत नाही. या यंत्राखाली हात घालण्यापूर्वीही तसाच नियम पाहिजे : पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली ड्रायव्हरच्या खिशात, यंत्राखाली लाकडी ओंडक्याचा आधार, आणि रोटर पूर्ण थांबल्याची डोळ्यांनी खात्री. पीटीओ बंद केल्यावरही रोटर बराच वेळ फिरत राहतो. आवाज थांबला म्हणजे पाते थांबले, असे समजणाऱ्यांचीच बोटे जातात.

एकराचा दर आणि घाई

हे सर्व नियम ड्रायव्हरला माहीत नसतात असे नाही. बरेचसे माहीत असतात. मग ते मोडले का जातात? येथे मजुरीचा प्रश्न येतो आणि तो आपल्या संघटनेच्या नेहमीच्या कामाचा आहे.

भाड्याचे काम बहुधा एकरावर असते. मालक शेतकऱ्याकडून एकराचे पैसे घेतो आणि ड्रायव्हरलाही एकरावरच देतो. शेत चालून पाहण्याचे पैसे मिळत नाहीत. रोटर थांबेपर्यंत वाट पाहण्याचे पैसे मिळत नाहीत. यंत्र झाडण्याचे, ग्रीस देण्याचे, बोल्ट आवळण्याचे मिळत नाहीत. म्हणजे सुरक्षिततेसाठी घालवलेला प्रत्येक मिनिट ड्रायव्हरच्या खिशातून जातो. हंगामाच्या ऐन भरात पहाटेपासून रात्रीपर्यंत दिव्याच्या उजेडात काम चालते. कामाच्या तासांची मर्यादा आणि विश्रांती यांसाठी रेल्वे कामगार किती वर्षे भांडत आले आहेत हे वेगळे सांगायला नको. थकलेला माणूस सिग्नल चुकतो. थकलेला माणूस चालू शाफ्टवरून पायही टाकतो.

म्हणून जे सभासद यंत्र घेऊन भाड्याने देणार आहेत, त्यांना आमची आग्रहाची विनंती आहे. आपण स्वतः कामगार होतो हे मालक झाल्यावर विसरू नका. ड्रायव्हरला तासावर किंवा दिवसावर मजुरी द्या. सकाळचा अर्धा तास यंत्र तपासण्याचा, तो कामाचाच धरा. रात्रीचे काम घेऊ नका. गिऱ्हाईक म्हणेल, शेजारचा स्वस्त करतो. त्याला सांगा की आमच्या दरात माणसाची बोटे धरलेली आहेत.

कायदा कोठे आहे

1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. मळणी यंत्रांत मजुरांचे हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की तो करावा लागला. त्यात मजुराला भरपाई देण्याची तरतूद होती. कायद्याने पॉवर थ्रेशरचे नाव घेतले आणि शेतीतील अन्य यंत्रे केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्यात घ्यावीत अशी सोय ठेवली. पीटीओवर चालणाऱ्या मल्चर-श्रेडरसारख्या यंत्रांना अनुदान देताना सरकारला जी घाई असते, ती अशा तरतुदींच्या बाबतीत दिसत नाही.

कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याने ट्रॅक्टर व यांत्रिक शक्तीवर होणाऱ्या शेतीतील कामगाराला भरपाईचा हक्क दिला होता. आता त्या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. हक्क कागदावर असला तरी ड्रायव्हर कोणाकडे कामाला होता हेच सिद्ध करता येत नाही, कारण ना नेमणूकपत्र असते ना हजेरीपुस्तक. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेली शेतकरी अपघात योजना खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. सातबारावर ज्याचे नाव नाही आणि जो खातेदाराच्या घरातलाही नाही, तो भूमिहीन ड्रायव्हर तिच्या बाहेर राहतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2001 साली शेतीतील सुरक्षा व आरोग्य यांविषयी 184 क्रमांकाचा करार संमत केला. भारताने तो अद्याप मान्य केलेला नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. अनुदानाच्या प्रत्येक यंत्राबरोबर शाफ्टची नळी, पुढच्या साखळ्या आणि सर्व झाकणे सक्तीची असावीत. ती नसतील तर अनुदान देऊ नये. यंत्राच्या पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने ती बसवलेली आहेत असे लिहून द्यावे. यंत्रासोबतची माहिती पुस्तिका त्या राज्याच्या भाषेत असावी. यंत्रासाठी पैसे देताना एका ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाचेही पैसे द्यावेत. भाडे केंद्रांनी ड्रायव्हरची नोंद ठेवावी आणि त्याचा विमा उतरवावा. 1983 च्या कायद्यातील तरतुदी पीटीओवर चालणाऱ्या कापणी व चुरा यंत्रांना लावाव्यात. आणि 184 क्रमांकाचा करार भारताने मान्य करावा.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे अपघात संरक्षण मिळते. वय 18 ते 70 आणि बँकेत खाते एवढेच लागते. आपल्या यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाचा हा विमा मालकाने स्वतः भरावा. शाखांनी निवृत्त होणाऱ्या सभासदांसाठी पेन्शनच्या कागदपत्रांची बैठक घेतात, त्याच बैठकीत अर्धा तास या विषयाला द्यावा. वर्कशॉपमधला एखादा जुना फिटर बोलावून शाफ्टचे संरक्षण, पात्यांचा तोल आणि पट्ट्यांचा ताण समजावून द्यावा. एवढे ज्ञान आपल्या प्रत्येक शाखेत आहे. आणि यंत्र बघायला दुकानात जाताना, ज्या मुलाला, पुतण्याला किंवा गावातल्या ज्या ड्रायव्हरला ते चालवायचे आहे, त्याला बरोबर न्यावे, त्याला प्रश्न विचारू द्यावेत, आणि तो नको म्हणाला तर ते यंत्र घेऊ नये.